सेल्फ, बॅटरी आणि क्लचची केबल : सुरू होताना अडणाऱ्या एका गाडीचे प्रकरण

या प्रकरणातील गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, साधारण दहा वर्षे वापरलेली छोटी हॅचबॅक आहे. तिचा क्लच हायड्रॉलिक नसून केबलचा आहे, आणि एरवी बिनमहत्त्वाची वाटणारी ही बाब पुढे निर्णायक ठरते. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, तीन बाजूंनी उघड्या असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. मालक निवृत्त शिक्षक असून अधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूरला जातात. बाकीचे दिवस गाडी बाजार आणि बँक यांपलीकडे फारशी जात नाही.

तक्रार अशी होती की सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटारीचा, भरवसा उरलेला नाही. सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की इंजिन ओढून ओढून फिरते, पण चालू होते. घाट चढून आंब्याला चहासाठी गाडी बंद केली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर कधी एकदाच ‘टक्क’ असा आवाज येऊन सारे थांबते, कधी नुसती कटकट चालू राहते. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडे ठेवले की बहुधा काम होते. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला तर मात्र गाडी कुठेही, कधीही, पहिल्याच फटक्यात चालू होते. या शेवटच्या गोष्टीवरून पेट्रोलचा पुरवठा, ठिणगी आणि इमोबिलायझर (चोरी रोखण्यासाठी इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्यावरचा संशय पहिल्याच दिवशी दूर करता आला आणि तपासाचे क्षेत्र बॅटरी, सेल्फ, त्यांना जोडणाऱ्या जाड तारा आणि किल्लीपासून सेल्फपर्यंत जाणारी बारीक वायरिंग एवढ्यापुरते उरले.

आमच्याकडे येण्याआधी गाडीवर बराच खर्च झाला होता. प्रथम बॅटरी बदलली गेली. जुनी दोन वर्षेही टिकली नव्हती आणि ती खरोखरच कमजोर निघाली होती. मग जुना सेल्फ बदली देऊन दुरुस्त केलेला दुसरा बसवला गेला. त्यानंतर सेल्फचा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) आणि सर्वांत शेवटी किल्लीचा स्विच. बॅटरी आणि सेल्फ बदलल्यावर काही आठवडे बरे गेले आणि दुखणे पुन्हा जागेवर आले. असा इतिहास असलेल्या गाडीत सुटा भाग सदोष असण्यापेक्षा त्या भागांना जोडणाऱ्या कशात तरी दोष असण्याची शक्यता अधिक धरावी, असे आमचे मत आहे. कारण नवा भाग थोडा अधिक जोमदार असतो, तो सदोष जोडणीवर काही काळ मात करतो, आणि दुरुस्ती यशस्वी झाल्याचा आभास निर्माण होतो.

गुरुजींनी निघता निघता आणखी एक गाऱ्हाणे सांगितले, तेही वेगळे काम म्हणून. क्लचचा पेडल जड झाला होता आणि वर्षभरात केबल दोनदा बदलावी लागली होती. काढलेल्या केबलच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटलेले होते, असे आधीच्या मेकॅनिकने त्यांना दाखवले होते आणि मालाचा दर्जा हे त्याचे कारण दिले होते. ‘‘केबल बदलली की सेल्फही महिनाभर नीट लागतो, हा योगायोगच म्हणायचा,’’ असे त्यांनी पुढे जोडले. चौकशी केल्यावर हेही कळले की क्लच पूर्ण दाबून किल्ली फिरवली तर गाडी चालू होण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून ते नेहमी तसेच करतात.

क्लच दाबल्यावर सेल्फला हलके जाते याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की गिअरबॉक्सचा फिरणारा भाग इंजिनापासून सुटतो आणि त्यातील तेलाचा विरोध वाचतो. हे खरे आहे, परंतु तो फरक थंडीत, घट्ट तेल असताना जाणवतो. घाट चढून तापलेल्या गिअरबॉक्समध्ये तेल पातळ झालेले असते. तिथे क्लच दाबल्याने ‘टक्क’ करून थांबणारा सेल्फ फिरू लागावा, एवढा लाभ होणे कठीण. या दोन निरीक्षणांची नोंद आम्ही तक्रारपत्रकावर सेल्फच्याच रकान्यात केली.

दिव्यांची साक्ष

मीटर हातात घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करता येते आणि ती टाळू नये. हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर प्रकाश पाडायचा आणि किल्ली सेल्फवर फिरवायची. दिवे जवळजवळ विझले आणि सेल्फ कटकटला, तर बॅटरी रिकामी आहे किंवा तिच्या खुंटांवरची जोडणीच खराब आहे, कारण दिवे आणि सेल्फ या दोघांनाही त्याच वाटेने वीज मिळते. दिवे जरासे मंदावले, तर बॅटरीपाशी वीज आहे, ती सेल्फला मिळत नाही. या गाडीत गरम इंजिनावर ‘टक्क’ झाले तेव्हा दिवे किंचित मंदावले, इतकेच. एवढ्यावर निदान होत नाही, मात्र आधीच बदललेली बॅटरी पुन्हा बदलण्याचा मोह तिथल्या तिथे आवरतो.

तरीही बॅटरी मोजली. गाडी आली तेव्हा बॅटरीच्या खुंटांमध्ये १२.३ व्होल्ट होते, म्हणजे चार्ज अर्ध्याहून जरा अधिक. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या मोजमापांतून काहीच ठरवता येत नसल्याने ती रात्रभर चार्जरवर ठेवली, सकाळी पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज उतरावा म्हणून दोन मिनिटे हेडलाइट लावले आणि पुन्हा मोजले : १२.६ व्होल्ट. सहा सेलच्या निरोगी, भरलेल्या बॅटरीला हेच अपेक्षित असते. लेबलवरील सीसीएच्या (थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी देऊ शकते त्या प्रवाहाच्या) निम्म्या प्रवाहाचा भार पंधरा सेकंद दिल्यावर व्होल्टेज १०.४ वर थांबले. सर्वसाधारण तापमानात ते ९.६ च्या खाली उतरले तर बॅटरी नापास धरतात. गाडी बंद असताना बॅटरीतून झिरपणारा प्रवाह २२ मिलिअँपिअर होता, जो ५० च्या आत असल्याने आक्षेपार्ह नाही. बॅटरीचा विषय तिथे संपला, पण नवी बॅटरी १२.३ वर का आली, हा प्रश्न उरला.

दोन व्होल्टेज

पुढची मोजमापे सेल्फ फिरत असतानाच घ्यावी लागतात. त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, अशी तयारी केली. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये त्याला थंड होऊ द्यावे, हे पथ्य मोजमापाच्या भरात हमखास विसरले जाते.

सेल्फवर मुख्यतः दोन जोडण्या असतात : बॅटरीच्या धन खुंटापासून थेट येणारी जाड तार, जिच्यावर जर्मन डीआयएन ७२५५२ या मानकानुसार ३० हा क्रमांक असतो, आणि किल्लीकडून रिलेमार्गे सॉलेनॉइडला (सेल्फवरील विद्युतचुंबकी स्विचला) येणारी बारीक तार, जिचा क्रमांक ५० आहे. परतीची वाट सेल्फच्या धातूच्या अंगातून इंजिनात, इंजिनातून गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून बॅटरीच्या ऋण खुंटाकडे जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते सांगाड्यापासून तुटलेले असतात. त्यांना सांगाड्याशी जोडण्याचे काम तांब्याच्या विणलेल्या पट्टीवर सोपवलेले असते. काही गाड्यांत ऋण खुंटाची जाड तार सरळ गिअरबॉक्सवर उतरते आणि सांगाड्याला वेगळी बारीक शाखा जाते. या गाडीत तसे नाही. येथे ऋण तार बॅटरीच्या ट्रेजवळ सांगाड्यावर बसते आणि सांगाड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचा उरलेला टप्पा एकट्या पट्टीवर अवलंबून असतो.

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंटांवर ११.३ व्होल्ट दिसले आणि क्लॅम्प मीटरने प्रवाह ९५ अँपिअर दाखवला. इंजिन मात्र स्पष्टपणे सावकाश फिरत होते. मीटरची लाल तार सेल्फच्या ३० क्रमांकावर आणि काळी तार बॅटरीच्या ऋण खुंटावर ठेवली, तेव्हा १०.९ व्होल्ट आले. धन बाजूच्या संपूर्ण तारेत ०.४ व्होल्ट खर्च होत होते आणि ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत असल्याने मान्य होण्यासारखी आहे. आधीच्या कार्यशाळांमध्ये तपासणी बहुधा इथेच थांबली असावी, कारण हे वाचन पाहून कोणीही म्हणेल की सेल्फपर्यंत पुरेशी वीज पोहोचते आहे आणि तरी तो फिरत नाही, म्हणजे सेल्फच गेला.

त्यानंतर लाल तार होती तिथेच ठेवून काळी तार बॅटरीवरून उचलली आणि सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर टेकवली. मीटरने ७.९ व्होल्ट दाखवले.

मोटारीला मिळणारे व्होल्टेज म्हणजे तिच्या स्वतःच्या दोन टोकांमधील फरक. बॅटरीचा ऋण खुंट हे तिचे टोक नव्हे, तिचे दुसरे टोक म्हणजे तिचे अंग. या दोन ठिकाणी काळी तार ठेवून आलेल्या वाचनांतील ३.० व्होल्टचा फरक परतीच्या वाटेवर कुठेतरी हरवत होता, आणि त्या वाटेवर ०.२ व्होल्टहून अधिक घट आम्ही स्वीकारत नाही. ५० क्रमांकाच्या तारेवरही तोच प्रकार होता : बॅटरीच्या ऋण खुंटापासून मोजले तर १०.६, सेल्फच्या अंगापासून मोजले तर ७.६. रिले आणि किल्लीचा स्विच बदलण्याचे काही कारण कधीच नव्हते, हेही त्या एका वाचनात स्पष्ट झाले.

हरवलेल्या ३.० व्होल्टचा माग काढण्यासाठी परतीच्या वाटेचे तुकडे पाडले. ऋण खुंट आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यात ०.०५, क्लॅम्पपासून सांगाड्यावरील बोल्टपर्यंत ०.१५, आणि सांगाड्यापासून गिअरबॉक्सच्या आवरणापर्यंत २.८ व्होल्ट. खातरजमेसाठी जंप केबलची एक तार इंजिन उचलण्याच्या हुकाला आणि बॅटरीच्या ऋण खुंटाला लावली. सेल्फने इंजिन असे फिरवले की गुरुजी शेडबाहेरून आत आले.

ओहममीटरने हे सापडले नसते. पट्टीच्या दोन टोकांमध्ये तो लावला तेव्हा ०.३ ओहम दिसले, आणि मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्यावरही ०.३ च दिसले. आपण शोधत होतो तो रोध ९५ अँपिअरला २.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.०३ ओहम होता. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्याच्या दहापट. शिवाय ओहममीटर अगदी क्षुल्लक प्रवाह सोडतो, आणि जाड पट्टीतील चारदोन तंतू शाबूत असले तरी तेवढा प्रवाह विनातक्रार पार होतो. जाड तारांच्या बाबतीत भार वाहत असतानाची व्होल्टेजची घट हीच खरी परीक्षा आहे.

तीस मिलिओहमने एवढे काय बिघडते

०.०३ ओहम म्हणजे ३० मिलिओहम. हा आकडा इतका लहान आहे की त्याने गाडी अडावी, हे पटत नाही. त्यासाठी किल्ली फिरवल्यानंतरचा पहिला क्षण पाहावा लागतो.

फिरणारी मोटार जनित्रासारखी वागते आणि उलट दिशेचे व्होल्टेज निर्माण करून स्वतःच्या प्रवाहाला आवर घालते. स्थिर मोटारीत असे काही नसते; तिच्यातून किती प्रवाह जाईल हे फक्त वाटेवरचा एकूण रोध ठरवतो. आणि नेमके याच वेळी सर्वाधिक जोर लागतो, कारण थांबलेल्या इंजिनाचे अंग हलवून पहिल्या सिलिंडरचा दाब ओलांडायचा असतो. वरील वाचनांवरून या गाडीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे १४ आणि धन तारेचा ४ मिलिओहम येतो. मोटारीचा स्वतःचा रोध २५ मिलिओहम आणि चांगल्या स्थितीतील परतीच्या वाटेचा २ मिलिओहम धरला, तर एकूण ४५ होतात आणि १२.६ व्होल्टवर पहिल्या क्षणी २८० अँपिअर जाऊ शकतात. परतीच्या वाटेचे २ जाऊन ३२ झाले की बेरीज ७५ होते आणि तोच प्रवाह १७० अँपिअरच्या आत येतो. कायमचुंबकाच्या मोटारीत जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणजे सेल्फने इंजिन हलवण्यासाठी लावायचा जोर शंभराचा साठ झाला. इंजिन एकदा हलले की उरलेले काम त्याला जमत होते, फक्त सावकाश.

इंजिन गरम असताना यात आणखी घट होते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. एक्झॉस्टच्या शेजारी बसलेला सेल्फ गाडी बंद केल्यानंतर, वाऱ्याचा झोत थांबल्यामुळे, चालत्या गाडीतल्यापेक्षा अधिक तापतो. तापमान ६० अंशांनी वाढले तर गुंडाळ्यांचा रोध जवळजवळ चौथ्या हिश्शाने वाढतो, आणि फेराइट चुंबकांचे क्षेत्र त्याच काळात दहा टक्क्यांहून अधिक उतरते. दोन्ही मिळून, आधीच साठावर आलेला जोर आणखी सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो. निरोगी गाडीत ही घट कोणाला कळतही नाही, कारण तिथे जोर मुळात गरजेपेक्षा बराच जास्त असतो. आंब्याला चहा पिऊन परतलेल्या गुरुजींना ‘टक्क’ ऐकू येण्याचे आणि अर्ध्या तासाने गाडी निमूट चालू होण्याचे कारण हे आहे, आणि दुरुस्त केलेल्या सेल्फवर दोष टाकण्यास आधीचा मेकॅनिक याच लक्षणाने प्रवृत्त झाला. गरम झाल्यावर बंद पडणारा सेल्फ आतून गेलेला असतो, हा या व्यवसायातील ठाम समज आहे आणि अनेकदा तो खराही ठरतो.

कटकटीचे मूळही तेच. सॉलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात : एक जोराने ओढणारी आणि दुसरी ओढलेले धरून ठेवणारी. मुख्य संपर्क जुळताच ओढणाऱ्या गुंडाळीची दोन्ही टोके समान व्होल्टेजवर येतात आणि तिचे काम संपते. पुढे सारा भार धरून ठेवणाऱ्या गुंडाळीवर असतो आणि तिची परतीची वाट सेल्फच्या अंगातून जाते. मोटार अडकून १७० अँपिअर वाहू लागले की खराब पट्टीवर पाच व्होल्ट खर्च होतात, गुंडाळीला जेमतेम चार मिळतात, ती सोडते. सोडताच प्रवाह थांबतो, व्होल्टेज परत येते, ती पुन्हा ओढते.

क्लचच्या केबलमधून वाहणारी वीज

गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत विजेला जायला पट्टीखेरीज आणखी एक धातूची वाट होती. क्लचची केबल गिअरबॉक्सवरील दांड्यापासून निघून पेडलच्या कमानीपर्यंत जाते, आणि ती कमान सांगाड्याला जोडलेली असते. क्लॅम्प मीटर क्लचच्या केबलभोवती लावून सेल्फ फिरवला, तेव्हा ३० अँपिअर दिसले. एकूण ९५ पैकी जवळपास एक तृतीयांश प्रवाह, केवळ ओढण्यासाठी बनवलेल्या पोलादी तारेतून जात होता. २.८ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ८४ वॅट. लागोपाठ काही प्रयत्नांनंतर केबल हाताला स्पष्ट गरम लागली. अस्तर वितळण्यामागे मालाचा दर्जा नव्हता.

गुरुजींच्या दोन्ही निरीक्षणांचा अर्थ इथे लागला. नवी केबल बसवली की तिच्या टोकांचे संपर्क स्वच्छ असत, ती अधिक प्रवाह वाहून नेई आणि सेल्फ सुधारे. महिन्याभरात टोके काळवंडली की ती वाट पुन्हा अरुंद होई. क्लच दाबला की केबल ताणली जाऊन तिची टोके दांड्यावर आणि पेडलवर घट्ट बसत, आणि संपर्क सुधारे. गाडीच्या मालकाने बारकाईने पाहिलेली गोष्ट यंत्रशास्त्रात बसत नाही म्हणून बाजूला ठेवण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा निरीक्षण बरोबर असते, चुकते ते त्याला जोडलेले कारण.

पहिली बॅटरी अकाली का गेली, तेही याच पट्टीवर जाऊन थांबले. अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे जनित्र, इंजिनावर बसतो आणि त्याचा रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो ते अल्टरनेटरच्या अंगापासून. इंजिन चालू असताना, दिवे आणि पंखा लावून, अल्टरनेटरच्या टोकांवर १४.३ व्होल्ट होते, म्हणजे त्याच्या दृष्टीने सर्व ठीक. बॅटरीवर मात्र १३.५ च पोहोचत होते, कारण सुमारे २५ अँपिअरचा परतीचा प्रवाह त्याच ३० मिलिओहममधून जात होता. एवढ्या व्होल्टेजवर, त्यातही दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या आतील प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होत जातात आणि क्षमता कायमची घटते. जुनी बॅटरी कमजोर होती, पण त्या कमजोरीमागेही पट्टीच होती, आणि नवी बॅटरी त्याच वाटेला लागलेली होती. ती १२.३ व्होल्टवर आली, तेव्हा सुचलेल्या प्रश्नाचे उत्तर हे.

पट्टी उघडल्यावर

गाडी वर घेऊन पाहिले तर पट्टी प्रथमदर्शनी धडधाकट होती. कोकणात पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला काळे गंजरोधक कोटिंग मारून घेण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. त्या कोटिंगचा जाड थर पट्टीवर, तिच्या बोल्टवर आणि भोवतालच्या पत्र्यावर सलग बसला होता. तो खरवडल्यावर सांगाड्याच्या टोकाशी हिरवट भुकटी निघाली. टोकाच्या लगपाशी (बोल्ट ज्यातून जातो त्या धातूच्या कडीपाशी) निम्म्याहून अधिक तंतू तुटलेले होते आणि बोल्ट हाताच्या पान्याला नको तितका सहज फिरला.

क्रम बहुधा असा असावा. काही वर्षांपूर्वी क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला गेला होता, त्या वेळी पट्टी सोडावी लागली असणार. परत बसवताना खालचा दातेरी वॉशर गेला आणि लग रंगावरच आवळला गेला. वॉशरच्या जागी साधी चकती होती आणि तिच्याखाली मूळ रंगाचे अखंड वर्तुळ दिसत होते, यावरून हा तर्क केला आहे. तेव्हापासून संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांतून होत होता. त्यात खाऱ्या ओलाव्याची भर पडली. तांबे आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकत्र असले की जस्ताचा मुलामा आणि मग पोलाद झिजू लागते, आट्या सैल पडतात, आणि इंजिनाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर कडक झालेले तंतू लगपाशी वाकून तुटतात. कोटिंगने गंज थांबवला नाही, आत शिरलेला खारेपणा त्याने झाकून ठेवला. पोटाला कोटिंग मारण्यापूर्वी अर्थिंगच्या जोडण्या उघडून, साफ करून, आवळून घ्याव्यात आणि मगच त्यांच्यावरून फवारा मारावा, एवढी एक सूचना हे काम करणाऱ्यांनी आपल्या यादीत घालावी असे वाटते.

दुरुस्ती

बॅटरीचा ऋण क्लॅम्प प्रथम काढला. विणलेल्या पट्टीऐवजी २५ चौरस मिलिमीटरची, बारीक तंतूंची लवचीक तांब्याची तार घेतली, दोन्ही टोकांना कथिलाचा मुलामा असलेले लग दाबयंत्राने आवळून बसवले आणि सांध्यावर चिकट अस्तराची आकसनळी चढवली, जेणेकरून ओलावा तंतूंमधून आत शोषला जाणार नाही. उघडी विणलेली पट्टी कारखान्यातून येते ती हेलकावे सोसते म्हणून. किनाऱ्यावर मात्र तिचा प्रत्येक तंतू हवेला उघडा असतो, म्हणून आम्ही आवरणाच्या तारेला पसंती दिली आणि इंजिन हलले तरी ताण येऊ नये इतका झोल तिला ठेवला. सांगाड्यावरची आणि गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासली, झिजलेल्या आट्यांना टॅप (आट्या पाडण्याचे हत्यार) फिरवला, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर घालून लग आवळला. पेट्रोलियम जेली त्यानंतर, वरून लावली. आवळण्याआधी जाड ग्रीस भरण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्यापेक्षा धातूवर धातू घट्ट बसल्यावर बाहेरून सील करणे आम्हाला अधिक खात्रीचे वाटते. ऋण तारेचा ट्रेजवळचा बोल्टही त्याच वेळी काढून साफ केला. वितळू लागलेली क्लचची केबल बदलली. सेल्फला हात लावला नाही.

पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच क्रमाने मोजमापे घेतली. सेल्फ फिरताना बॅटरीवर ११.१ व्होल्ट आणि प्रवाह ११० अँपिअर. धन बाजूची घट ०.५, कारण प्रवाह वाढला की तीही वाढणारच. परतीच्या संपूर्ण वाटेची घट ०.२, त्यातील नव्या तारेच्या वाट्याची ०.१, आणि सेल्फच्या स्वतःच्या दोन टोकांमध्ये १०.४ व्होल्ट. बॅटरीवरचे व्होल्टेज दुरुस्तीपूर्वीपेक्षा किंचित कमी आले आहे, हे नोंद घेण्यासारखे आहे. फक्त बॅटरीकडे पाहणाऱ्याला गाडीची प्रकृती ढासळली असे वाटेल, वास्तविक सेल्फ आता त्याला हवी तेवढी वीज ओढू शकत होता. क्लचच्या केबलमध्ये जेमतेम १ अँपिअर उरला. दिवे आणि पंखा लावून बॅटरीवर १४.२ व्होल्ट पोहोचू लागले. इंजिन पूर्ण तापवून, बंद करून, वीस मिनिटांनी बॉनेट न उघडता किल्ली फिरवली, तेव्हा गाडी पहिल्याच वळणात चालू झाली. क्लच न दाबता.

तार, लग, बोल्ट आणि मजुरी मिळून झालेला खर्च नव्या बॅटरीच्या किमतीच्या आसपासही जात नव्हता. एक पावसाळा उलटल्यावर गाडी तेल बदलण्यासाठी आली, तेव्हा नव्या तारेवरची घट ०.१२ व्होल्ट होती आणि बॅटरी सकाळच्या वेळी १२.६ वर होती. पुढच्या तपासणीत हीच दोन वाचने घ्यायची, असे तिच्या सेवापुस्तकात लिहून ठेवले आहे. पट्टीवरची घट ०.२ च्या पुढे गेली तर जोडणी उघडायची, कोटिंग कितीही अखंड दिसत असले तरी.